येडगावच्या वाटेवरचं खोटं भाषांतर

आमच्या सहयोगी शाळेच्या मुख्याध्यापिका फिओनाबाई स्कॉटलंडहून येणार, म्हणून आदल्या दिवशी मी सातवीतल्या पायलला सांगितलं, "उद्या तू घरीच थांब." हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे धरणाचं पाणी आणि डोंगरातलं जेवण सांगण्याच्या नादात मी ते मागे ढकलीन.

तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कोणी तिला लबाडी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो. पायलचे वडील बिराभाऊ मेंढरं राखतात. कळप हलला की तिची शाळा बुडते, म्हणून वाचन अडखळतं. पाहुणीने नेमकं तिच्याच हाती पुस्तक दिलं तर?

मागच्या वर्षी मी त्यांच्या शाळेत जाऊन आलो होतो. फिओनाबाईंनी मला सगळ्यांत आधी नेलं ते वाचता न येणाऱ्या मुलांच्या वर्गात. परत आल्यावर मी जुन्नर तालुकाभर भाषणं दिली. तिथलं ग्रंथालय सांगितलं, दुपारचं गरम सूप सांगितलं. तो वर्ग सांगितला नाही.

सकाळी आमच्या शाळेतला कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. मग मी, फिओनाबाई आणि जीपचालक बबन आंबेगावातली एक डोंगरशाळा पाहायला निघालो. येडगाव धरणाच्या अलीकडे टायर बसला.

"घ्या राव!" बबन जॅक काढत म्हणाला. "पाव्हणीला आपल्या खड्ड्यांचीबी वळख झाली."

बाई खाली उतरल्या. पाणी उन्हात चकाकत होतं. तेवढ्यात उसाच्या कडेने मेंढरं आली आणि त्यांच्यामागे शाळेच्या गणवेशावर वडिलांचा स्वेटर घातलेली पायल. फिओनाबाई मेंढपाळांच्याच गावातल्या, त्यांनी एका मेंढीची लोकर हाताने चाचपली आणि मला म्हणाल्या, "हिला विचारा ना, आज शाळा नाही का?"

मी विचारलं. पायल मेंढरांकडे बघत म्हणाली, "सरच म्हनले, येऊ नको. पाव्हणी येनार हाय."

मी इंग्रजीत सांगितलं, "हिची ग्रँडमदर आजारी आहे, म्हणून घरी थांबली."

मागून बिराभाऊ आले. "बरं झालं भेटला, सर. या साली पोरीला मावशीकडं ठिवून शिकवायचं ठरलं व्हतं. आता न्हाई. पाटं (पहाटे) आमी हलतोय, तीबी संगं येईल. कालपासनं नीट जेवली न्हाई. म्हनती, माझ्यामुळं शाळंला कमीपना येतो. मेंढरं तरी तिला घरी बस म्हनत न्हाईत."

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"पावसापाण्याचं बोलतायत," मी म्हणालो.

टायर बदलून निघालो, घोडेगाव मागे पडलं. डिंभे धरणाचं पाणी डोंगरांच्या बेचक्यांतून आत आत शिरलेलं दिसू लागलं. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, बांधावर हिरड्याची झाडं होती. बाई फोटो काढत होत्या. मला दर वळणावर पहाट जवळ येत असल्यासारखं वाटत होतं.

डोंगरशाळेत तांदळाची भाकरी, घेवड्याचं कालवण आणि ठेचा होता. बाईंनी ठेचा भाजीसारखा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत हसल्या. पोरं तर हसून लोळायचीच बाकी राहिली. जेवणानंतर तिथल्या शिक्षिकेने एका मुलीला बाईंच्या शेजारी बसवलं. "हिला जोडाक्षरं जमत नाहीत. मी सगळं करून पाहिलं. तुमच्याकडे काय करता?" त्या दिवशी मी नीट केलेलं पहिलं भाषांतर ते.

परतीच्या वाटेवर मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो काढणं थांबवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तपासणी आली की अशी मुलं सहलीला जातात. मीही पाठवली आहेत." आणि काच खाली करून बाहेर बघत राहिल्या.

"बबन, येडगावला घे. पळव," मी म्हणालो.

धरणाजवळ पोचलो तर रान रिकामं. फक्त लेंड्या आणि विझलेली चूल. बांधावरचा शेतकरी म्हणाला, "त्यो कळप व्हय? मगाशीच गेला, निमगाव साव्याकडं. हितं बिबट्या दिसला ना!"

दिवस मावळत होता. उसाच्या भिंतींमधून जीप जात होती. शेवटी कुत्री भुंकली आणि एका मोकळ्या वावरात वाडा (मेंढरांचा मुक्काम) दिसला. बिराभाऊ जाळी ठोकत होते, शेजारी सामान वाहायचं घोडं उभं होतं. मी बोलायला लागलो तसं त्यांनी हात वर केला. "मला कशाला सांगता? जिला हाकललं तिला सांगा."

पायल चुलीपाशी होती. मी समोर मातीत बसलो. शब्द जुळवत होतो, तोच ती हळूच म्हणाली, "सर, ग्रँडमदर म्हंजी आजी ना? तुमीच शिकवलंय. माझी आजी तर कवाच गेली."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तुझ्यादेखत खोटं बोललो मी. तुला घरी बसवलं ते माझ्या लाजेपायी. शाळेला कमीपणा आला तो माझ्यामुळे, तुझ्यामुळे नाही. मावशीकडे थांब, उद्या शाळेत ये. अडखळत वाच, मी शेजारी बसेन. पायल, माझं चुकलं. मला माफ कर." मग तेच सगळं, एकही शब्द न गाळता, मी फिओनाबाईंना इंग्रजीत सांगितलं.

पायलने काटकी चुलीत सारली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, माझं दप्तर घोड्यावर नका बांधू."