जोड त्याच कापडाचा

छाती बायकोची, तर डॉक्टरनं बोलायचं कुणाशी? नवऱ्याशी? हसू नका. अठ्ठ्याण्णव साली हैदराबादेतल्या एका नव्याकोऱ्या, काचेकाचेच्या दवाखान्यात हेच चाललं होतं.

बरकतपुऱ्याची त्रिवेणी बावीस वर्षं ब्लाउज शिवत आली होती. कॅन्सरनं तिच्या छातीची डावी बाजू नेली. ती वाचली आणि पुन्हा मशीनवर बसली. स्वतःच्या ब्लाउजला आतून खिसा शिवून त्यात कापूस भरायची. घामानं कापसाचा गोळा व्हायचा, एक बाजू खाली उतरायची. गिऱ्हाइकाचं माप घेताना एका हातात टेप, दुसरा हात स्वतःच्या छातीवर. जगाची फिटिंग बसवणारी बाई, आणि तिचे हे हाल!

दोन वर्षांनी तिला कळलं, छाती पुन्हा करता येते. नवरा सुधीर म्हणाला, "आता सेहेचाळिसाव्या वर्षी? कोण बघतंय?"

"मी बघते. दुकानात आरसा आहे माझ्या."

डॉक्टरांसमोर खुर्ची एकच. तिच्यावर सुधीर बसला, सवयीनं. पेशंट मागे उभी!

"आत बसवायचं फॉरेनचं सिलिकॉनचं इम्प्लांट आलंय साहेब," डॉक्टर सुधीरला म्हणाले. "आता सगळं मिळतं आपल्याकडे. मिसेसना तेच बरं."

"ते जन्मभर टिकतं?" त्रिवेणीनं मागून विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर दिलं ते सुधीरला. "काही वर्षांनी बदलावं लागू शकतं. दुसरा मार्ग आहे, पोटाची कातडी न् चरबी वर आणून छाती करायची. पण सात-आठ तासांचं ऑपरेशन, पोटावर आडवी लांब शिवण. कशाला एवढं?"

"नक्को नक्को, इम्प्लांटच करा," सुधीरनं निकाल देऊन टाकला.

त्रिवेणीनं खुर्चीची पाठ धरली. "उठा."

"अगं, काय हे?"

"उठा म्हणते ना! छाती माझी, बसणार मी."

सुधीर उठला. ती बसली. "डॉक्टरसाब, आता माझ्याकडं बघून बोला. सुती ब्लाउजला टेरिकॉटचा जोड लावला, की धुण्यात सुती आटतं, जोड आटत नाही, शिवण ओढते. म्हणून मी त्याच ब्लाउजच्या आत दुमडलेलं कापड काढून जोडते. हे पोटाचं मांस माझ्याबरोबर जाड-बारीक होईल?"

"होईल," डॉक्टर पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाले.

"आता धोके सांगा. सगळे."

त्यांनी सांगितले. तिनं दोनदा विचारून घेतले आणि पोटाचंच करायचं ठरवलं. काउंटरवरचा माणूस संमतीचा फॉर्म पुढे करत म्हणाला, "शौहर की साइन होना अम्मा."

"गवाह में लेलो उनकी," म्हणत तिनं साक्षीदाराची जागा दाखवली आणि आधी आपली सही ठोकली.

सोपं नव्हतं. महिनाभर वाकून चालली. जोडाचा एक कोपरा काळा पडला, तेवढा कापून पुन्हा टाके घालावे लागले. सुधीरनं हळूच विचारलं, "पस्तावलीस?"

"मशीनला तेल घाला. गंजेल."

चौथ्या महिन्यात तिनं स्वतःच्या मापाचा ब्लाउज बेतला. आत खिसा नाही, कापूस नाही. आरशापुढे उभी राहिली, दोन्ही हात मोकळे सोडून.

इम्प्लांट वाईट, असं त्रिवेणी म्हणत नाही. जिला हवं तिनं खुशाल घ्यावं, नको तिनं काहीच करू नये. पण ठरवावं तिनं. म्हणून तुम्हाला, हो, तुम्हालाच सांगणं आहे: घरातल्या बाईबरोबर डॉक्टरकडे जाल आणि तिथं खुर्ची एकच असेल, तर तिनं बोलायच्या आधी उठा.