एकाच कंपनीच्या तीन व्हॅन

बाबांनी पहिली व्हॅन आणली तेव्हा मी सातवीत होते. पांढरी, सेकंडहँड, नाक नसलेली. भंडाऱ्याच्या कुठल्याशा डॉक्टरांनी वापरलेली, त्यामुळे आत बरेच महिने दवाखान्याचा वास यायचा. पवनीत आमच्या वस्तीत तोवर कोणाच्या दारात चारचाकी उभी राहिली नव्हती. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. शेजारची काकू गाडीभोवती एक फेरी मारून आईला म्हणाली, "हिले तर तोंडच नाही व माय!"

इंजिन पुढच्या सीटच्या खाली होतं. थंडीत बरं वाटायचं, पण मे महिन्यात बाबा सीटवर गोणपाट टाकून बसायचे. मागच्या दोन सीटा समोरासमोर होत्या, त्यामुळे बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागत. दसऱ्याला आम्ही त्याच गाडीने दीक्षाभूमीवर जायचो. आम्ही चौघं, आत्या, काकूच्या घरचे, मावतील तेवढे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आत्या डब्यातली पुरी काढून समोरच्याच्या हातात द्यायची, उठावंही लागायचं नाही.

त्या गाडीवर माझा जीव बसला तो बसलाच. पुढे त्या कंपनीने गोल दिवे बदलून चौकोनी केले, जाळी बदलली, आणि मी पेपरातल्या जाहिराती कापून ठेवू लागले. कॉलेजात मैत्रिणीने त्या पाहिल्या आणि म्हणाली, "पोरी नटांचे फोटो ठेवतात, तू डब्बे ठेवतेस काय?" मी हसले आणि त्यानंतर कोणाला दाखवल्या नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. भाऊ शिकून पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. माझं लग्न दोनदा जुळत आलं. मग बाबा गेले, मग आईचे गुडघे गेले. कोणी आडवं आलं नाही, कोणी पुढेही आलं नाही.

बाबांची गाडी गंजून गंजून भंगारात गेली. तोवर त्याच कंपनीची दुसरी व्हॅन बाजारात येऊन बंदही झाली होती. उंच छपराची, आखूड नाकाची, मागच्या लोकांसाठीही छतातून एसीची हवा येणारी. ती फार कोणी घेतली नाही. मला मात्र ती फोटोत पाहिल्यापासून हवी होती. नागपूरला एकाकडे जुनी सापडली. आईला मान न वाकवता आत शिरता यायचं, एवढ्यासाठीसुद्धा ती घेण्यासारखी होती.

आई पुढे बसायची नाही. "पुढं ऊन लागते," म्हणायची आणि मधल्या सीटवर बसायची. भंडाऱ्याला दवाखान्यात जाताना, येताना, आम्ही आरशातून बोलायचो. एकदा ती म्हणाली, "तुया बापाची गाडी बरी होती. हिच्यात मानसाले मानसाचं तोंड दिसत नाही."

"मले तुयं दिसते ना," मी म्हणाले.

"मले तुये डोये दिसतात फक्त."

आई गेल्यावर मी बरेच दिवस तो आरसा खाली वाकवून ठेवला. हॉर्न वाजवत कोणी मागून आलं की दचकायचे, पण तो सरळ करवत नव्हता.

पहिल्या व्हॅनचं उत्पादन कंपनीने कायमचं थांबवल्याचं वाचलं, त्या दिवशी शाळेत कोणाला सांगावं कळेना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या मॅडमला सांगितलं. "अच्छा?" त्या म्हणाल्या आणि खिचडीत आज मीठ जास्त झालंय का, ते चाखून बघायला सांगितलं.

तिसरी मी नवी घेतली. भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, छोटी ऑटोमॅटिक घे. आता कोणाला बसवणार आहेस?" शोरूममधल्या मुलानेही विचारलं, "मॅडम, घरी किती जण?"

"मी एकटीच."

त्याने लगेच मला लहान गाडीकडे वळवलं. मी परत व्हॅनपाशी आले. त्याला म्हटलं, बघ, ही उंच छपराच्या जुन्या गाडीचीच बहीण आहे, अंग तेच आहे, फक्त छप्पर उतरवलंय. तो "हो का मॅडम" म्हणाला आणि मोबाइलकडे बघत राहिला. मी सात सीटांची बुक केली.

गेल्या दसऱ्याला भाऊ बायकोमुलांसह येणार होता. "ताई, पवनीला येतो, तुझ्याच गाडीत सगळे जाऊ," असं तोच म्हणाला होता. मी आदल्या दिवशी सीटांची कव्हरं धुतली. सकाळी पुऱ्या तळल्या, आलूची सुकी भाजी केली. डबे गाडीत ठेवत होते तेव्हा त्याचा फोन आला. ते रात्रीच नागपूरला पोचले होते. मुलं थकली होती. "तू ये ना, तिकडेच भेटू."

मी पांढरी साडी नेसून निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान पिवळा पडला होता, उशिरा येणारा भारी अजून हिरवा होता. निलज फाट्यावर पाच-सहा बाया एसटीची वाट पाहत उभ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यांत. मी गाडी थांबवली.

"नागपूरले जाऊन राहिल्या काय, बाई?"

"बसा."

गाडी भरली. एक म्हातारी पुढे माझ्याजवळ बसली, बाकीच्या मागे. कोणाची सून माहेरून आली नाही, कोणाच्या बैलाने कोणाचा धान खाल्ला, सगळं त्यांचं त्यांच्यात चाललं होतं. मला कोणी काही विचारलं नाही. मी हळू चालवत होते, रस्ता संपू नये म्हणून.

नागपुरात पोलिसांनी गाड्या फार लांब अडवल्या होत्या. बाया चालत निघाल्या. म्हातारीचे पाय सुजले होते. "मी येथीच बसतो," ती म्हणाली. "मनातच वंदना करतो."

मी भावाला फोन लावत राहिले. शेवटी त्याचाच आला. "ताई, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही वंदना करून निघालो, हॉटेलकडेच आहोत. पोरं रडताहेत. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," मी म्हणाले.

मी मागचा दरवाजा सरकवला, म्हातारीला मधल्या सीटवर बसवलं आणि डबा उघडला. दोन पुऱ्या खाऊन तिने मागे-पुढे पाहिलं.

"येवढी मोठी गाडी अन् एकटीच?"

"हो."

"काहून?"

मग मी सांगायला लागले. बाबांची गाडी, गोल दिवे, चौकोनी दिवे, उंच छप्पर, मग उतरवलेलं छप्पर. कोणाला कधी सांगितलं नव्हतं इतकं. ती चावत ऐकत होती.

"माया पोराले टॅक्टरचं असंच वेड हाये," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुले घरी बोलाले कोनी नाही वाटते."

"नाही."

"खाय मंग. आलू चांगला झाला."

बाया पुस्तकं, कॅलेंडरं घेऊन परतल्या तेव्हा उरलेल्या पुऱ्या त्यांनी संपवल्या. उजेड होता तोवर मी त्यांना फाट्यावर उतरवलं. म्हातारी म्हणाली, "येजो घरी. फाट्यापासून जवयच गाव हाये आमचं."

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. सुजल्या पायांची, ट्रॅक्टरवेड्या मुलाची म्हातारी, एवढ्या खुणेवर घर सापडलं, पण कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की म्हातारी लेकीकडे एकोडीला गेली आहे, धान कापून झाल्यावर येईल. तिने मला चहा दिला, अंगणात खाट टाकली. "फोन करून यायचं ना, बाई," म्हणाली आणि म्हातारीच्या मुलाचा नंबर सांगितला.

मी नंबर टाइप केला, पण नाव काय लिहावं कळेना. म्हातारीचं नाव मी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही माझं. शेजारणीला आता विचारायची लाज वाटली. मी "निलज फाटा" असं लिहून सेव्ह केलं.

धान कापून झाला, मळणीही झाली. फोन मी अजून केलेला नाही.