दुसऱ्या रांगेतली पांढरी साडी

खेळाचा सिनेमा लागला की मला घरात कुणी काम सांगू नये. गरिबाघरचा संघ, चिडका कोच, शेवटच्या मिनिटाला एका गुणाने विजय. पुढं काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, तरी माझ्या मुठी आवळलेल्या असतात आणि शेवटी मी रडतेच. फक्त एक गोष्ट मला खुपते. समोरच्या संघाचं काय? त्या दांडग्या, हरणाऱ्या मुलींच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, हे कुणी दाखवत नाही. मला मात्र ते ठाऊक आहे, कारण त्या दांडग्या मुलींमध्ये मी होते.

आमचा लोणावळ्याजवळच्या औंढे गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ. तालुक्यात फायनलला जायचं आणि तिथं आपटायचं, हा आमचा शिरस्ता. मी उजव्या कोपऱ्याला खेळायचे. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा माझ्या हातात आला की सुटत नसे, एवढी माझी ख्याती. पण एका घोट्यावर सामना जिंकता येत नाही.

आईने माझा एकही सामना पाहिला नव्हता. ती तुंगार्लीला एका बंगल्यावर स्वयंपाकाला. सामने रविवारी आणि बंगला पाहुण्यांनी भरायचा तोही रविवारी. मी घरी आले की चुलीपासूनच विचारायची, "जिकलीस का?" मी म्हणायचे, "न्हाई." मग ती म्हणायची, "बरं. हातपाय धू, जेवून घे." एवढंच. ती रागावली असती तरी चाललं असतं. एकदा, फक्त एकदा तिने मला जिंकताना बघावं, असं मला फार वाटायचं.

आणि एक दिवस आमच्या कोचना फोन आला. लोणावळ्याजवळच्या मैदानावर कबड्डीच्या सिनेमाचं शूटिंग होतं. हिरॉइनच्या गरीब संघाने ज्यांना हरवायचं, त्या चॅम्पियन संघासाठी खऱ्या खेळाडू हव्या होत्या. आम्ही चॅम्पियन! सातही जणी एका रंगाच्या टी-शर्टात, पायात नवे बूट, खाली मऊ मॅट. आमची कॅप्टन आरशापुढून हलेना. हिरॉइनच्या संघाचे कपडे मुद्दाम फाडून आणले होते, आमच्या घरच्या कपड्यांसारखे. आम्ही हसून हसून लोळलो.

त्यातून शूटिंग बुधवारी. प्रेक्षकांत बसायला गावच्या बायका बोलावल्या होत्या. आईने बंगल्यावर चक्क सुट्टी टाकली. भडक रंगाच्या साड्या नेसा, असा निरोप होता. आई आली ती विहारात जायची निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. सिनेमावाल्या पोराने तिला मागं बसायला सांगितलं. ती म्हणाली, "लेकीची म्याच हाय. मी हितंच बसनार." आणि दुसऱ्या रांगेत मधोमध बसली.

सीन साधा होता. शेवटची चढाई. हिरॉइन येणार, मी तिचा घोटा धरणार, ती हिसडा देऊन सुटणार आणि मध्यरेषेला हात लावणार. झालं, त्यांचा संघ विजयी. मी मान डोलावली. पण तिचा पाय कोपऱ्यात आला आणि माझे हात आपोआप गेले. धरला तो धरलाच. पोरगी आडवी! दिग्दर्शक ओरडला, "कट!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर दुसऱ्या रांगेतून आरोळी आली, "धर! सोडू नगंस!" सगळ्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या अंगात असं काही भरलं की काय सांगू! आई मला बघत होती आणि मी धरत होते. तिन्ही वेळा!

दिग्दर्शक माझ्याजवळ आला. ओरडला नाही, हात जोडले. ऊन उतरत होतं. हिरॉइनच्या घोट्यावर माझी बोटं उमटली होती. बिचारी म्हणाली, "ताई, पकड एक नंबर आहे, पण आता सोडा ना." तिचा काय दोष?

चौथ्यांदा मी घोटा धरला आणि सोडला. ती सरपटत गेली, रेषेला हात लागला, फटाके उडाले, पाचशे माणसं उड्या मारायला लागली. मी मॅटवर पालथी पडून खरंच रडले. त्यासाठी मला कुणी शिकवावं लागलं नाही. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "पांढऱ्या साडीवाल्या मावशी, उठा, नाचा! आपला संघ जिंकलाय!"

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "माजी लेक पडलीया आन मी नाचू व्हय?"

उजेड संपत आला होता, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "जाऊ द्या."

त्या संध्याकाळी आईने जिंकलीस का म्हणून विचारलं नाही. ताट वाढून ठेवलं होतं.

दहा महिन्यांनी तो सिनेमा तळेगावच्या थेटरात लागला. आम्ही साती जणी, आमच्या आया, मावश्या, सगळा गोतावळा गेला. शेवटची चढाई आली. सगळं थेटर उभं राहून हिरॉइनसाठी ओरडत होतं आणि गंमत म्हणजे माझ्याही मुठी आवळलेल्या. ती सुटली! शिट्ट्याच शिट्ट्या! आई मोठ्याने म्हणाली, "ह्ये खोटं हाय. आदी तीनदा धरली हुती, ते कुटं दावलं?" पुढच्या रांगेतला माणूस वळून "शूऽऽ" म्हणाला. आईने त्याला तीन बोटं दाखवली, "तीनदा!"

आणि मग पडद्यावर प्रेक्षक आले. लाल, पिवळ्या, हिरव्या साड्या नाचत होत्या, गुलाल उडत होता, सगळ्यांचे डोळे हिरॉइनवर. त्यात मधोमध एक पांढरी साडी बसलेली होती. ती हिरॉइनकडं बघतच नव्हती. मान वाकडी करून ती उजव्या कोपऱ्याकडं बघत होती, जिथं मी पडले होते.

मी खुर्चीवर चढले, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की पुढचा माणूस दचकून उडाला. आमचा सगळा संघ शिट्ट्या मारायला लागला.

आई माझा टी-शर्ट ओढत होती. "खाली बस गं, लोकं बघत्यात," म्हणाली, आणि मग हळूच, "तवा लागलं न्हवतं ना तुला?"