अडलेल्या अक्षरापाशी थांबणाऱ्या सरोजताई

प्रा. सरोजताई गेडाम यांच्याकडे मी प्रथम गेले ती विद्येच्या ओढीने नव्हे, नोकरीच्या आशेने. मी उमरेडची. बी.कॉम. होऊन घरी बसले होते. जपानी येत असेल तर नागपुरातल्या कंपन्यांत काम मिळते, असे कोणीतरी सांगितले आणि एका रविवारी सकाळची एसटी धरून मी इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी पोहोचले. ताई तेव्हा पालीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या होत्या आणि घराच्या पुढच्या खोलीत जपानी शिकवत असत.

"कुठून येऊन राहिली?" त्यांनी विचारले. मी गावाचे नाव सांगितले. मग धीर करून विचारले, "ताई, ती चित्रासारखी अक्षरं किती दिवसांत येतात?"

"तुले मराठी किती दिवसांत आली?"

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मले अजून सगळी येत नाहीत. बस."

चिनी लिपीतून जपानीत आलेल्या या अक्षरांना कांजी म्हणतात. प्रत्येक अक्षराला अर्थ असतो, आणि त्याचे उच्चार मात्र एकाहून अधिक. नवा विद्यार्थी इथेच हात टेकतो. ताईंनी ही अडचण आमच्याच भाषेतून सोडवली. फळ्यावर पाण्याचे अक्षर काढले, 水, आणि म्हणाल्या, "तहान लागली तर तुम्ही आईले 'जल दे' म्हणता का? नाही. पाणी मागता. पण धरणाच्या साठ्याले 'पाणीशय' कोणी म्हणत नाही, तिथं जलाशयच पाहिजे. तसंच हे. अक्षर एकटं असलं की मिझू, दुसऱ्याच्या संगतीत गेलं की बहुतेक वेळा सुइ. आपण हे रोज करतो, फक्त आपल्याले माहीत नाही." इतकी वर्षे मी स्वतः शिकवते आहे, याहून सोपे उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

लिहिण्याचा सराव ताई अंगणातल्या काळ्या फरशीवर करून घेत. हातात कुंचला आणि बाजूला पाण्याची वाटी. एप्रिलच्या सकाळी आठ वाजताच फरशी तापू लागे आणि अक्षराची शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली रेघ उडून जाई. त्यामुळे रेघांचा क्रम चुकवून मग विचार करत बसण्याची सोयच नव्हती. कोणी कंटाळले तर ताई स्वतः खाली बसून लिहीत.

अक्षरांच्या गोष्टी त्या रंगवून सांगत. माणूस झाडाला टेकला की विश्रांती, 休. पण लगेच बजावतही, "ही लक्षात ठेवायची खुंटी आहे. प्रत्येक अक्षराची गोष्ट अशी सरळ नसते. मी सांगितलं म्हणून इतिहास समजू नका." एखाद्या अक्षराचे मूळ माहीत नसले की "मले माहीत नाही" म्हणत आणि पुढच्या रविवारी शोधून आणत. कधी शोधूनही सापडत नसे. तेही सांगत.

त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची हकिकत त्यांनी मला फार उशिरा, आणि तीही मी विचारल्यावर सांगितली. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ताईंचा जन्म त्याच्या काही वर्षे आधीचा. बुद्धाची वचने मुळातून वाचायची म्हणून त्या पाली शिकल्या. पुढे कळले की बरेच ग्रंथ आता फक्त चिनी भाषांतरांत उरले आहेत आणि जपानमध्ये ते आजही अभ्यासले जातात. जपानची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. नातलगांनी नावे ठेवली. त्यांचे पती वामनराव रेल्वेत होते; ते पाठीशी उभे राहिले, पण मुलीकडे दिवसभर पाहायचे कोणी, हा प्रश्न होता. तो सोडवला सासूबाईंनी. त्या कुहीजवळच्या खेड्यात राहत, धानाच्या शेतीत राबत; त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "पोरीले मी पाहतो. तिकडून आली की मले सांगजो, बुद्धाचं नाव ते लोक कसं लिवते."

दोन वर्षांनी परतल्यावर मुलीने ताईंना ओळखले, पण जवळ यायला ती तयार नव्हती. ती आजीच्या पदरामागे उभी राहिली. ताईंनी सामानही न उघडता पाटी मागवली आणि पाटीवर बुद्धाचे 仏 हे अक्षर काढले. सासूबाईंनी ते बोटाने गिरवले, मग नातीचे बोट धरून तिच्याकडून गिरवून घेतले. ताई म्हणाल्या, "त्या दिवशी पोरगी माझ्या मांडीवर बसली नाही. आठवडा लागला. जे गेलं ते गेलं." एवढे बोलून त्यांनी विषय बदलला. त्या अभ्यासाचे मोल त्यांनी कधी मोठ्याने सांगितले नाही, म्हणून मी ते इथे नोंदवते आहे.

मात्र ताईंचे मोठेपण मला पुरते कळले ते काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी. आमच्या वर्गात सुजाता नावाची कुहीकडची मुलगी होती. तिचा मोठा भाऊ मंगेश जपानमध्ये एका कारखान्यात कामाला लागला होता. त्या दिवशी सुजाता वर्गाला उशिरा आली, सोबत वडील शिवदासभाऊ. यंत्रात मंगेशचा हात सापडला होता. तो इस्पितळात होता. डॉक्टर काय सांगतात ते त्याला समजेना, म्हणून डॉक्टरांनी कागदाच्या चिठोऱ्यावर एक शब्द लिहून दिला होता आणि मंगेशने त्याचा फोटो बहिणीला पाठवला होता.

सुजाताने ताईंना बाजूला घेतले. मी जवळच होते. फोन पुढे करून ती हळू म्हणाली, "ताई, पहिलं अक्षर मले येत नाही. दुसरं येते."

दुसरे अक्षर 死 होते. मरण. ते आम्हाला ताईंनीच शिकवले होते. पोरीने ते सकाळी ओळखले होते आणि कुहीपासून नागपूरपर्यंत बसमध्ये वडिलांशेजारी बसून एक शब्दही बोलली नव्हती.

ताईंनी चष्मा लावला. "एशि," त्यांनी वाचले. "पहिल्या अक्षराचा अर्थ मोडणं, नासणं. दोन्ही मिळून एक शब्द आहे, तो तोडून वाचायचा नाही. हे मंगेशच्या मरणाचं नाही, सुजाता. त्याच्या हाताचं काही मांस मेलं आहे." सुजाता तेव्हा कुठे रडली. ताईंनी तिला पाणी दिले, शिवदासभाऊंना खुर्चीवर बसवून सगळे सांगितले आणि मंगेशला फोन लावला.

मंगेश म्हणाला, "ताई, ते जखम साफ करून राहिले. सही करा म्हणतात. मी हाय, हाय म्हटलं."

"हाय म्हणजे हो. तू हाय म्हटलं म्हणजे तुले समजलं, असं त्यांनी धरलं. अजून सही करू नको. डॉक्टरले बोलव."

डॉक्टर आले. ताई जपानीत सावकाश विचारत होत्या. मध्येच एका शब्दाला थांबल्या आणि म्हणाल्या, हा शब्द मला कळला नाही, कृपया सोप्या भाषेत सांगा. चार दशके ती भाषा वाचलेल्या बाई आम्हा सगळ्यांसमोर हे बोलल्या. डॉक्टरांनी पुन्हा समजावले. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचे टोक वाचणार नव्हते. ते काढले नाही तर विकार वर सरकण्याची भीती होती.

ताईंनी फोनवर हात ठेवून हे सांगितले, तसे शिवदासभाऊंनी हात जोडले. "ताई, त्याले सांगू नका जी. भेवून जाईल पोरगं. डॉक्टरले तुम्हीच हो म्हणून टाका."

"भाऊ, बोट त्याचं आहे. त्याले न सांगता मी हो कशी म्हणू?"

"एकटा आहे तो तिकडं."

"म्हणूनच. एकट्या माणसाले तरी खोटं सांगू नये."

शिवदासभाऊंनी होकाराची मान हलवली. ताईंनी मंगेशला जसे होते तसे सांगितले, काही वाढवले नाही, काही झाकले नाही. मग त्याने विचारले, "पूर्ण बोट?"

ताईंनी डॉक्टरांना विचारून सांगितले, "टोकाचं पेर. बाकी हात वाचते."

"बाबा आहेत तिथं?"

शिवदासभाऊंनी फोन घेतला. "आहो गा. तू म्हणशील तसं."

"करा म्हणा," मंगेश म्हणाला.

पेर गेले, हात वाचला. पुढच्या वर्षी सुटीवर आलेला मंगेश ताईंना भेटायला आला. पेन मधल्या बोटावर टेकवून त्याने आपले नाव लिहून दाखवले. आता तिकडे नव्याने आलेल्या कोणाला डॉक्टरकडे जायचे असले की तो सोबत जातो आणि न समजलेल्या गोष्टीला हाय म्हणू देत नाही.

ताईंनी मात्र त्या प्रसंगाचे श्रेय घेतले नाही. उलट आपलाच अभ्यासक्रम तपासला. वर्षानुवर्षे त्या डोंगर, नदी, चंद्र इथून सुरुवात करत आल्या होत्या. तो क्रम त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर बदलला. कामासाठी जाणाऱ्या मुलांना आता पहिल्या महिन्यात धोका, बंद, बाहेरचा रस्ता, दुखणे ही अक्षरे येतात. मी म्हटले, "ताई, ही तर अवघड अक्षरं आहेत." त्यांचे उत्तर होते, "अवघड आहेत, पण आधी तीच लागतात. चंद्र काय, थांबते."

त्यांच्याकडून शिकलेली माणसे आज दुभाषे आहेत, परिचारिका आहेत, काही माझ्यासारखी शिक्षक आहेत. त्या स्वतः सध्या एका जुन्या बौद्ध सूत्राचे मराठी भाषांतर करत आहेत. काम दुसऱ्या प्रकरणात अडले आहे, कारण एका ओळीचा अर्थ त्यांना पटत नाही आणि अंदाजाने पुढे जाणे त्यांना मंजूर नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला आणि लेखाच्या शेवटी तुमच्यासाठी काय मागू, असे विचारले. त्या म्हणाल्या, "शंभर वर्षं वगैरे नको मागू वं. डोळे मागजो. वाचता आलं पाहिजे."

तेव्हा आपणा सर्वांच्या वतीने मी आधी डोळेच मागते. ते स्वच्छ राहोत. कुंचला धरणारा हात स्थिर राहो, अंगणातल्या फरशीवर बसता-उठता येवो, आणि ती अडलेली ओळ एके सकाळी त्यांना उलगडो. त्यानंतरची पुष्कळ प्रकरणे बाकी आहेत. ती सगळी त्यांच्याच हातून व्हावीत. शंभर वर्षे त्यांनी मागू दिलेली नाहीत, म्हणून ती मी मनात मागितली आहेत.