काजळगडच्या राणीचा सर

१९५८ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या साली मी जे केलं ते आजवर कोणाले सांगितलं नाही — बायकोले नाही, पोरांले नाही, देवापुढं हात जोडले तेव्हा त्यालेही नाही. आता तुम्हाले सांगतो. मधात टोकू नका.

आधी माझा राग ऐका. परवा नातवाचे दोस्त ओसरीवर बसले होते. हातात जाडजाड पुस्तकं, जादूगारांची, राक्षसांची. वाद चाललेला — कोणत्या पुस्तकातली जादू नीट बांधलेली, कोणत्या जादूले नियम आहे, कोणतीले नाही. मी कान देऊन ऐकून राह्यलो होतो. तर त्यातला एक मले म्हणतो, "आबाजी, हे तुम्हाले नाही समजणार, हे नवीन आहे." नवीन? अरे, तुझा बाप जन्माले आला नव्हता तेव्हा घाटंजीच्या बाजारात आम्ही याच्यावरून एकमेकाची गचांडी धरत होतो! नवीन म्हणे.

एक लेखक होता — नाव सांगत नाही, त्याचा यात काही गुन्हा नाही. त्याच्या दोन मालिका. एक 'काजळगड', दुसरी 'पाताळघाट'. पातळ पातळ भाग, पिवळट कागद. बाजारात गोणपाटावर मांडलेले असत. बाजाराच्या दिवशी दुपारी किसना शिंप्याच्या दुकानापुढच्या फळीवर आम्ही जमायचो, अन् मी वाचायचो. मीच. काहून की त्या घोळक्यात दुसऱ्या कोणाले वाचताच येत नव्हतं. सारे मले 'पंडित' म्हणायचे. दुसरी शिकलेला पंडित — अन् मले ते खरंही वाटायचं.

किसना पाताळघाटवाला. त्या मालिकेत ज्यानं मंत्र म्हटला तो आपलं एक माणूस विसरून जाई — आधी शेजारी, मग भाऊ, शेवटी माय. किसना मशीनवरचा पाय काढून म्हणे, "जादू अशी पाहिजे लेकहो. काही द्या, मंग घ्या. तुमच्या काजळगडात काय, सारा फुकटचा माल!"

काजळगडवाला होता गेमाभाऊ. तो म्हणे, "फुकट कशी? राणीचं सारं बळ एकाच जागी ठेवेल हाये. तेवढं गेलं का राणी खलास. तुया जादूगाराले इसरायले माणसं तरी पुरतात!"

गेमाभाऊ बंजाऱ्याच्या तांड्यावरचा. वयानं माझ्या दुप्पट. बाप-आजा बैलांवर मीठ वाहायचे, हा कापसाची पऱ्हाटी पेरायचा. अक्षराची ओळख नाही, पण कान असा की एकदा ऐकलं म्हणजे दगडावर कोरलं. बैलाचा सौदा फिसकटला, बांधावरून जुंपली, की लोक विचारत — बोलणं झालं तेव्हा गेमा होता का? त्यानं सांगितलं की दोन्ही बाजू गप. त्याची इज्जत होती ती. सारी कानात.

मुद्द्याजवळ येतो म्हणतो अन् पुन्हा बाजूले सरकतो — नाही का? येतो.

राणीचं बळ कशात ठेवलं होतं? जोडाक्षरं तिसरीत शिकवत. मी दुसरीतून उठलो. जोडाक्षर आडवं आलं की पुढचं-मागचं पाहून ठोकून द्यायचो. ऐकणाऱ्याले काय कळते? पहिल्या भागात आलं, राणीचं सारं बळ तिच्या — अन् पुढं ते अक्षर. एक स दिसला, एक र दिसला, मधात काहीतरी चिकटलेलं. वरच्या चित्रात राणीच्या गळ्यात मोत्याचा सर होता. मी वाचलं, 'सरात'. होतं 'स्वरात'. लेखकानं बळ गळ्याच्या आत ठेवलं होतं, मी ते बाहेर टांगून दिलं.

ते झालं चुकीनं. चुकीचा कबुलीजबाब कोण देत बसते? पुढचं चुकीनं नव्हतं.

तिसऱ्या भागात दुश्मन राणीले दुधातून शेंदूर पाजतात अन् तिचं बळ जाते. गेमाभाऊ म्हणाला, "बाबू, सर तं तिच्या गयातच हाये. शेंदरानं मोत्याले काय होते? शेंदरानं आवाज जाते." मी म्हटलं, शेंदूर सरावर सांडला. पुस्तकात असं काही नव्हतं. तो मान हलवत राह्यला. गेल्या महिन्यात तो वणीले पाहुणा गेलता, तिथं कोणी पहिला भाग वाचून दाखवला होता, अन् तो वाचणारा 'स्वरात' म्हणाला होता. "मी आयकलं ते आयकलं," म्हणे.

मले काय राग आला! माझ्या तोंडावर दुसऱ्या वाचणाऱ्याचा दाखला? किसनानं तेल ओतलं, "होऊन जाऊ द्या पैज!" गेमाभाऊनं पागोट्याले हात लावला. "काढ पयला भाग, पंडित. मी खोटा निघालो तं हे खाली ठेवतो."

मी भाग काढला. त्या ओळीवर बोट ठेवलं. समोर कापडाच्या दुकानावर 'स्वस्त' अशी पाटी होती. ती मी दर बाजारी पाहायचो, तो शब्द मले येत होता. पाटीवर होतं तेच अक्षर बोटाखाली होतं. अर्धा स, त्याले लागून व.

मले दिसलं. अंधुक नाही, पुरं दिसलं. अन् मी मोठ्यानं वाचलं — स, रा, त. एकेक अक्षर तोडून, मास्तर वाचते तसं.

त्यानं पागोटं काढून फळीवर ठेवलं. किसना हसला. मग मीही हसलो.

आजही त्या लोकांचा राग येते. एकानं तरी काहून म्हटलं नाही की दुसऱ्या कोणाले दाखवू? पण त्यांच्यावर कायले खेकसू? त्यांले अक्षर येत नव्हतं. मले येत होतं.

हे पुस्तकातलं भांडण पुस्तकात राह्यलं असतं तर मी इतका बोललोही नसतो. पुढच्या उन्हाळ्यात तांड्यावर धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, तंटा झाला. गेमाभाऊनं साक्ष दिली, अन् समोरचा म्हणाला, "तुया कानाचं काय घेऊन बसला? घाटंजीत पाह्यलं ना साऱ्यांनी." पंचांनी माना खाली घातल्या. साक्ष धरली नाही. त्यानंतर त्याले कुठंच कोणी बोलावलं नाही. ज्याच्यासाठी तो बोलला त्याची तीन तास, म्हणजे नांगराच्या तीन ओळी, जमीन गेली. हे मी बाजारात ऐकलं, फळीवर बसून, पुढचा भाग हातात धरून. ऐकलं अन् पान उलटवलं. गेमाभाऊ मेला तेव्हाही मी चूपच होतो.

अन् पैजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला होता. तांड्यावरून पायी. डोकं उघडं. अंगणात उभा राहून म्हणाला, "बाबू, तू छापेल वाचतं, मी हवेतलं आयकतो. माये कान चुकले असन. चारचौघात तुले खोटं म्हटलं, तेवढी माफी दे."

मी दातून करून राह्यलो होतो. चूळ भरली, थुंकलो. अन् त्याले माफ केलं.