सरावाचा शिक्का

आमच्या वनशिक्षण शाळेची दगडी इमारत वारसा यादीत आहे, म्हणून तिच्या भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागते. मी इथे वनरक्षकांना शिकवायला आले त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत एक कॅलेंडर लावायचं होतं. रीतसर अर्ज केला. उत्तर आलं नाही. कॅलेंडर अजून खुर्चीवर बसतं आणि आमच्यातलं कुणीतरी उभं राहतं.

समोरच्या कुसुंबाला मात्र कुणी कुठल्या यादीत घातलं नव्हतं. इमारत बांधायला घेतली तेव्हाच्या फोटोतही तो आहे, चांगला दांडगा. वसंतात त्याला लाल पालवी फुटली की सकाळी फिरायला आलेले बोरिवलीकर आत घुसून फोटो काढायचे आणि मला विचारायचे, हा गुलमोहरच ना. मी नाही म्हटलं की हिरमुसायचे.

त्याच्यावर हातोडा चालवला तो मी. तोडायच्या झाडाची थोडी साल तासायची आणि उघड्या पडलेल्या लाकडावर सरकारी शिक्क्याचा हातोडा मारायचा, ही आमच्या खात्याची रीत. शिक्का असेल तेच झाड तोडायचं. मुलामुलींना हे स्वतःच्या हाताने करून बघावं लागतं. सराव खरं तर आडव्या ओंडक्यावर करायचा, पण आमचा ओंडका वाळवीने खाल्ला होता आणि नव्यासाठी पुन्हा अर्ज करायचा म्हणजे झालंच. कुसुंबाचं लाकूड लोखंडासारखं, त्यावर शिक्का स्वच्छ उठतो. म्हणून मी दरवर्षीची तुकडी त्याच्याकडे नेत गेले. सराव संपला की शिक्क्यावर रंगाची फुली मारायची, म्हणजे तो रद्द. पहिली दोन वर्षं मी फुल्या मारल्या. पुढे कंटाळा केला. दुसरा शब्द नाही त्याला.

गेल्या वर्षी इमारतीच्या छपराची दुरुस्ती निघाली. सामानाच्या ट्रकच्या वाटेत दोन वाळलेल्या सुबाभळी होत्या, त्यांच्यावर शिक्के मारून झाले होते. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, ठेकेदाराला कागद दिला: आवारातली शिक्का मारलेली झाडं काढावीत. त्या शनिवारी मी कांदिवलीला भाचीच्या साखरपुड्यात जिलबी वाढत होते.

सोमवारी फाटकातून आत आले तर इमारत एकदम मोठी दिसली. आधी वाटलं, रंग दिला असेल. मग खाली नजर गेली. कुसुंबाचे तुकडे करून एका बाजूला रचले होते आणि ठेकेदाराचा मुकादम त्यांच्यावर बसून चहा पीत होता. मी त्याच्यावर तोंड सोडलं. मनात आलं ते सगळं बोलले. त्याने ते ऐकून घेतलं, उठला आणि बुंध्याचा एक तुकडा पायाने माझ्याकडे वळवला.

"मॅडम, शिक्का आहे ना. सात-आठ आहेत. त्या दोन सुबाभळींवर तर एकेकच होता."

त्याची काहीच चूक नव्हती, याचा मला आजही राग येतो.

साहेबांनी आत बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते फार समजूतदारपणे बोलले. चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल आणि त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, तीही अडकेल. एवढं सांगून त्यांनी उपायही सांगितला. अहवालात एकच गोष्ट लिहायची: झाड आतून पोकळ होतं आणि वारसा इमारतीवर पडायचा धोका होता. इमारत वाचवली म्हटल्यावर कोण काय विचारणार? विचार करते म्हणून मी बाहेर आले. खरं तर ठरलेलंच होतं.

बाहेर बागकाम करणाऱ्या मावशी भुसा झाडत होत्या. मालवणकडच्या. त्या कुसुंबाची पानं झाडताना रोज त्याला शिव्या घालायच्या. खिडकी उघडी होती, त्यांनी सगळं ऐकलं असणार. कापलेल्या बुंध्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, ह्या झाड पोकळ नाय होता. करवतीची साखळी दोनदा तुटली."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा." त्यांनी केलं. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

मी दीड पानाचा अहवाल लिहिला. खोडातली कूज, बुरशीचा प्रादुर्भाव, वाऱ्याची दिशा, सगळं घातलं. खोटं लिहिताना माझं अक्षर इतकं सुरेख येतं, हे मला ठाऊक नव्हतं. चौकशी झाली नाही. उलट वरिष्ठांकडून शेरा आला, अहवाल उत्तम. साहेबांनी निवृत्त होण्याआधी त्याच्या प्रती काढून अभ्यासक्रमातच लावल्या: नमुना अहवाल, धोकादायक वृक्ष. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

तर यंदाच्या तुकडीला मी तोच अहवाल शिकवला. पुढच्या बाकावर दहिसरच्या चाळीतली एक मुलगी बसते, हुशार आहे. तिने हात वर केला.

"मॅडम, झाड पोकळ होतं असं लिहिलंय. पण ते कशावरून ओळखलं? ठोकून बघितलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "वरून."

तिने मान हलवली आणि खाली घालून लिहू लागली. बाकांमधून फिरताना मी तिच्या वहीत डोकावले. तिने ठळक अक्षरात लिहिलं होतं: झाड पोकळ आहे की नाही, हे वरून कळते.