चौदा सेंटांचा पूर

खालापूरच्या कचेरीत मी बावीस वर्षं कारकुनी केली. माणूस बघताक्षणी ओळखतो, अशी फुशारकी मारत असे. मालोजी शिपायाच्या बाबतीत मात्र सपशेल तोंडघशी पडलो.

कचेरीच्या परसात पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं रोवलेलं होतं. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठाला बाटलीतलं पाणी आखलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं आणि किती इंच, किती सेंट ते मला सांगायचं. शंभर सेंटांचा एक इंच. मोजायचं मालोजीने, वहीत लिहायचं मी. नऊ वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नाही. सासरा वारला तेव्हाही आधी मोजलं, मग रडायला गेला. छातीवरचा पितळी बिल्ला चिंचेने घासघासून त्याने पार गुळगुळीत केला होता. वरची अक्षरं कुणाला वाचता येत नसत, पण माणूस सरकारी आहे हे लांबून कळायचं.

भांडं सोपवताना मामलेदारांनी एकच दम भरला होता, "ह्याला काही झालं तर बिल्ला काढून घेईन."

अठराशे ब्याऐंशी सालच्या श्रावणात एका दुपारी पावसाने आणि वाऱ्याने नुसता धिंगाणा मांडला. कचेरीची कौलं उडून परसात फुटायला लागली. मालोजीने अंगावरचं पानांचं इरलं काढलं, भांड्यावर घातलं, वर दोन धोंडे ठेवले आणि स्वतः चिंब भिजत घरी गेला. आमच्याकडे पावसात जे उघड्यावर असेल त्यावर इरलं घालतात, वासरावरसुद्धा. त्याचा हात सवयीने गेला. पाऊस मोजायच्या भांड्याला त्याने पावसापासून वाचवलं.

सकाळी ओढा मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागला होता. हारूनच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपी तरंगत होत्या. मालोजीने पेला माझ्यापुढे ठेवला.

"चौदा सेंट, भाऊसाहेब." आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आयला! इरलं!"

त्याची बायको आवडी घरी त्याला म्हणाली होतीच म्हणे, "भांडं कोरडं नि मानूस भिजला. शाना हायेस रं!"

आता माझं ऐका. दहा इंचांच्या वर पाऊस गेला की तो अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी झाली की वरून खलिता यायचा, खुलासा करा म्हणून. चौदा सेंटांना कुणी काही विचारत नसे. मामलेदार दौऱ्यावर होते आणि मला खुलासे लिहायचा मनस्वी कंटाळा. "गप बैस," म्हटलं, आणि चौदा सेंट लिहून टाकले.

दोन वर्षांनी त्याच ओढ्यावर दगडी पूल बांधायला एक ओव्हरसियर आला. गावाने त्याला तिसरी पायरी दाखवली. तो म्हणाला, "गावकऱ्यांचा पूर दरवर्षी एक पायरी चढतो. वही आणा." वहीत एका दिवसाचा सगळ्यात मोठा पाऊस निघाला सात इंच. त्या हिशेबाने त्याने पुलाच्या उंचीची दोरी ताणली. दोरी आली पहिल्या पायरीच्या खाली. दोरीचं एक टोक मालोजीच्याच हातात होतं.

दुपारी तो माझ्यापाशी आला. "भाऊसाहेब, तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

"मी? खुळा का तू? बिल्ला जाईल तुझा."

"त्यो जाईल. पर आमची वाडी पल्याड हाय. आवडी रोज गवताचा भारा घेऊन त्याच पुलावरनं येनार."

मी कान खाजवत बसलो. तो थेट मामलेदारांसमोर जाऊन उभा राहिला आणि इरल्यासकट सगळं सांगून मोकळा झाला. ओव्हरसियर हसला नाही. त्याने दोरी सोडली.

मामलेदारांनी मला विचारलं, "कारकून, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

मालोजीने माझ्याकडे एकदा पाहिलं. बिल्ला धोतराला पुसला आणि टेबलावर ठेवला.

पूल ठरल्यापेक्षा चार हात उंच झाला. मालोजी आवडीबरोबर गवत कापायला जाऊ लागला. तीन वर्षांनी पुन्हा तसाच पाऊस झाला. पाणी पुलाखाली वीतभर राहिलं आणि वाडीची माणसं वरून ये-जा करत होती. आठाच्या सुमाराला कचेरीच्या खिडकीत इरलं दिसलं. आत मालोजी.

"भांड्यावर काय झाकलं नाय न्हवं?"

"नाही रे बाबा."

"मग हाय तेवढा लिवा."

सोळा इंच तीस सेंट. लिहिले. चौथ्या दिवशी खलिता आला, खुलासा करा. केला, चांगला दोन पानी. जुन्या चौदा सेंटांबद्दल त्यात अवाक्षर लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

लाज वाटते, दुसरं काय! ती वही कचेरीच्या कपाटात आहे. त्या श्रावणातल्या दिवसापुढे अजून चौदा सेंटच आहेत. अक्षर माझं आहे, चांगलं वळणदार.